आईनं दाखवलेलं पाताळ

माझी आई एकतीस वर्षं एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या शवागारात परिचर होती. हे साधं वाक्य चारचौघांत म्हणायला मला वयाची एकेचाळीस वर्षं लागली. तेही मी आपणहून म्हटलं नाही. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या एका जुन्यापुराण्या राणीनं ते माझ्याकडून वदवून घेतलं.

मी सेट उभे करते. सिनेमा आणि मालिकांसाठी घरं, दुकानं, तुरुंग, एकदा तर अख्खी बोट, तीही पाण्यात न उतरणारी. पंधरा वर्षं मी माझ्या सरांच्या हाताखाली काढली. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं निघाली, आणि घरी बसता बसता ते नव्या मालिकेच्या दिग्दर्शकाला म्हणाले, "हिच्यावर सोपवा. माझ्यापेक्षा हट्टी आहे, पण काम चोख करते." असं मला कलादिग्दर्शक म्हणून पहिलं स्वतंत्र काम मिळालं. मालिका होती उत्तर युरोपातल्या जुन्या देवांवर, आणि त्यातला माझा सगळ्यात मोठा सेट म्हणजे त्यांचं पाताळ.

त्या पाताळाचं नाव हेल. तिथल्या राणीचंही नाव हेलच. अर्धं अंग जिवंत माणसाचं आणि अर्धं प्रेतासारखं निळं, असं तिचं वर्णन. पडद्यावर असलं पाताळ म्हटलं की काय काय येतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं: शिंगांचा मुकुट, हाडांचं सिंहासन, मागे भडकलेली आग आणि राणीनं बोट उचललं की उठून उभं राहणारं मेलेल्यांचं सैन्य. आमच्या निर्मात्यांनाही तेच हवं होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तीवर वाण्याला द्यावी तशी यादी होती: आग, कवट्या, साखळ्या, धूर.

पहिलंच काम, त्यामुळे मी मान डोलावली आणि घरी येऊन त्या यादीबरहुकूम चित्रं काढायला बसले.

आई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिच्या जुन्या दोन खोल्यांतच राहायची आणि सकाळी चालत चालत आमच्याकडे यायची. त्या दिवशी ती वाटाणे सोलत जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि मी समोर चित्रं पसरली होती.

"काय आहे हे?" तिनं विचारलं.

"पाताळ."

"इथे कोण येतं?"

मी सांगितलं, की त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे लढाईत पडलेले वीर वरच्या महालात जातात आणि तिथे मेजवान्या झोडतात. बाकीचे, म्हणजे आजारानं गेलेले, म्हातारपणानं गेलेले, अंथरुणात गेलेले, ते सगळे खाली या राणीकडे येतात.

आईचा हात थांबला. "म्हणजे जवळजवळ सगळेच की."

"हो, सगळेच म्हण."

"मग यांना साखळ्या कशाला? न्यूमोनिया होणं हा काय गुन्हा आहे?" तिनं चित्र स्वतःकडे ओढलं. "आणि या एवढ्या कवट्या. यांच्यावरची धूळ कोण पुसणार?"

मला हसू आलं. मग मी तिला जुन्या कथांमध्ये खरं काय आहे तेही सांगितलं, कारण वाचलेलं मी सगळं होतं, फक्त वापरत नव्हते. त्या पाताळात आगीचा डोंब नाहीच. तिथे थंडी आहे, धुकं आहे. वाटेत एक नदी आहे, तिच्यावर पूल आहे आणि पुलावर एक बाई राखण करते. येणाऱ्याला ती नाव विचारते. राणीच्या दालनातल्या वस्तूंनाही नावं आहेत. ताटाचं नाव भूक, सुरीचं नाव उपासमार, उंबऱ्याचं नाव ठेच आणि बिछान्याचं नाव आजारपण. तिचे नोकर इतके सावकाश चालतात की हलतायत की नाही तेच कळत नाही. आणि सगळ्यांचा लाडका देव बाल्डर जेव्हा मरून तिथे येणार असतो, तेव्हा त्याच्यासाठी बाकांवर सोन्याची कडी पसरलेली असतात, पेय तयार करून झाकून ठेवलेलं असतं. आल्यावर त्याला मानाच्या जागेवर बसवतात.

आई लक्ष देऊन ऐकत होती. स्वतःच्याच नोकरीबद्दल ऐकावं तसं.

"सावकाश चालतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथे घाई करून कुणाचं भलं होत नाही. आणि उंबरा आमच्याकडेही होता. स्ट्रेचर आपटायचं त्याच्यावर. बारा वर्षं अर्ज केले, कुणी ढिम्म हललं नाही. शेवटी मीच एक फळी आणून टाकली." तिनं वाटाण्याची साल ताटलीत टाकली. "ही बाई आमच्यातली आहे गं. तिला धड काम करू द्या."

मी हसून विषय बदलला. चित्रं मात्र बदलली नाहीत.

खरं सांगायचं तर तो विषय बदलायची मला लहानपणापासूनची सवय होती. शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचे, आई हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात असते. एकदा एका मैत्रिणीला खरं कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारच्या बाकावरून उठून पुढे जाऊन बसली. त्यानंतर मी आणखी सावध झाले. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना मी म्हटलं, "आई हॉस्पिटलात सुपरवायझर आहे." आई तिथेच हातात सरबताचा ग्लास घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "हो. तळमजल्यावर." एवढंच. त्याबद्दल ती नंतर कधी एक शब्द बोलली नाही, आणि मीही मूग गिळून बसले.

शूटिंग एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या गोदामात होतं. आमचा सुतार आणि त्याची माणसं महिनाभर राबली होती. सिनेमात शोभेल असं झकास पाताळ उभं राहिलं. राणीच्या भूमिकेत रंगभूमीवर पंचवीस वर्षं काढलेली एक अभिनेत्री होती. सेटवर सगळे तिला मॅडम म्हणायचे. दिग्दर्शकाला मात्र आम्ही त्याच्या पाठीमागे 'पुन्हा' म्हणायचो, कारण प्रत्येक शॉटनंतर त्याच्या तोंडून तोच एक शब्द निघायचा.

बाल्डर पाताळात येतो आणि राणी त्याला सामोरी जाते, असा तो प्रसंग. पहिल्या दिवशी मॅडमनी तो खदाखदा हसत केला. पुन्हा. मग दात-ओठ खात केला. पुन्हा. मग थंड, विषारी आवाजात केला. पुन्हा. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी शिंगांचा मुकुट काढून खाली ठेवला आणि सिंहासनाच्या पायरीवर बसकण मारली.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "ही बाई या खोलीत दिवसभर करते काय? आलेला माणूस आधीच मेलाय. त्याला आणखी घाबरवून हिला काय मिळणार? त्याचं व्हायचं ते होऊन गेलंय. मला हिचं काम कळत नाहीये, म्हणून मला हात कुठे ठेवायचे ते कळत नाहीये."

दिग्दर्शक नखं खात होता. दिव्यांवरचा माणूस शिडीवर बसून खाली बघत होता. आणि माझ्या डोळ्यांपुढे टेबलाशी बसलेली आई आली.

"माझी आई शवागारात काम करायची," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "एकतीस वर्षं. मेलेल्या माणसांना धुणं, नीट करणं, घरच्यांना दाखवणं. तिला माहीत असेल हात कुठे ठेवायचे."

आता सगळे दचकतील, बाजूला सरकतील अशी माझी खात्री होती. दिग्दर्शकानं तोंडातून बोट काढलं आणि विचारलं, "उद्या सकाळी नऊला जमेल का त्यांना?"

तीसेक वर्षं जे मी छातीशी लपवून ठेवलं होतं, त्यावर जगाचा प्रश्न एवढाच होता, की नऊला जमेल का.

आईला फोन केला. ती म्हणाली, "काय घालून येऊ?"

"काहीही चालेल."

"मग कामाचंच घालते."

दुसऱ्या दिवशी ती तिचा फिकट निळा कोट इस्त्री करून घालून आली. फाटकावरच्या रखवालदारानं कोण म्हणून विचारलं, तर सवयीनं म्हणाली, "शवागार." तो बिचारा दोन पावलं मागे सरला आणि त्यानं फाटक उघडलं.

आत आल्यावर तिनं सेटकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर थेट गेली ती बाल्डरला ठेवायच्या दगडी चौथऱ्यावर. दगड म्हणजे थर्मोकोल आणि रंग. तिनं त्याच्याजवळ उभं राहून हाताच्या बोटांनी उंची मोजली.

"हा कमरेच्या खाली आहे. चार बोटं वर घ्या. नाहीतर राणीला दिवसभर वाकावं लागेल, तिची पाठ जाईल, आणि पाठ दुखणारं माणूस तुसडं होतं. मग तुमची राणी क्रूरच दिसणार."

सुतारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं चौथऱ्याखाली ठोकळे सरकवले.

मग आईनं मॅडमचा चेहरा पाहिला. मेकअप करणाऱ्या बाईंनी नाकावरून सरळ रेघ मारून एक बाजू गोरी आणि एक बाजू निळी केली होती, शाळेच्या नकाशात दोन देश दाखवतात तशी.

"छान केलंय," आई म्हणाली, "पण निळं असं येत नाही. माणूस गेला की रक्त खाली उतरतं. ज्या कुशीवर तो निजलाय ती कूस काळी-निळी होते. आणि जिथे अंथरुणाला अंग दाबलेलं असतं तेवढी जागा पांढरी राहते." तिनं स्वतःच्या गालावर तळहात टेकवला. "तुमची राणी फार वेळ एका कुशीवर निजून मग उठलेली बाई आहे. तिच्या या गालावर उशीचा पांढरा डाग हवा."

मेकअपवाल्या बाईंनी वही काढली आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. मॅडम आरशात स्वतःचा गाल दाबून बघत राहिल्या. "फार वेळ निजून उठलेली," त्या पुटपुटल्या. "म्हणजे ती स्वतःही कधीतरी इथे आलेली आहे."

बाल्डरचं काम करणारा नट पिळदार अंगाचा होता. सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तो चौथऱ्यावर आडवा झाला तो श्वास कोंडून आणि जबडा आवळून. आईनं कोमट पाणी मागवलं, एक मऊ कापड मागवलं आणि त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली. काही क्षण तिनं काहीच केलं नाही. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाल्डर, मी आलेय हं. आता तुझा उजवा हात उचलते."

तिनं हात उचलला. बोटं एकेक करून उलगडली, तळवा पुसला, कोरडा केला आणि हात परत खाली ठेवला, टाकला नाही. "आता मान उचलते हं, राजा. झालंच." मानेखाली तिचा हात गेला आणि त्या पैलवानाचं डोकं तान्ह्या बाळाच्या डोक्यासारखं तिच्या पंज्यात आलं. तिनं त्याचे केस मागे घेतले, कपाळ पुसलं, कानशिलं पुसली. गोदामात पन्नासेक माणसं होती. सगळी तिच्या हातांकडे बघत होती.

पैलवानाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि गालावरचा सगळा रंग वाहून गेला.

"कट," दिग्दर्शक म्हणाला, खरं तर कॅमेरा चालूच नव्हता.

"माफ करा," पैलवान उठून बसत म्हणाला. "इतकं जपून कुणी धरल्याला बरीच वर्षं झाली."

मॅडमनी आईच्या हातातलं कापड घेतलं. "त्यांना ऐकू येतं का हो? तुम्ही बोलत होतात ते."

"ते मला माहीत नाही. मला ऐकू येतं ना. मुक्यानं केलं की आपले हात आडदांड होतात."

"आणि पाणी कोमट का? त्याला काय कळणार?"

"त्याला नाही, तुम्हाला कळतं. गारठलेले हात उरकून टाकायला बघतात."

मॅडमनी कापड पिळलं. पाणी ठिबकलं, तेव्हा आईनं ते परत पिळायला लावलं. असं तासभर चाललं. मी कोपऱ्यात रंगाच्या डब्यावर बसून होते. माझ्या आईला काम करताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. ती घरी यायची तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास असायचा, एवढीच मला तिच्या कामाची ओळख. ते हात काय करून येतात हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता राज्यभर नाव असलेली एक अभिनेत्री तेच हात बघून बघून गिरवत होती.

"मावशी," मॅडमनी मधेच विचारलं. हॉस्पिटलात आईला सगळे मावशीच म्हणायचे. इथेही तासाभरात तेच नाव पडलं. "भीती नाही वाटली कधी?"

"पहिला आठवडा वाटली. मग एक आजोबा आले. त्यांच्या एका पायात मोजा उलटा होता. कुणीतरी गडबडीत चढवला असणार. मी तो काढून सरळ घातला. त्यानंतर नाही वाटली." तिनं कोटाची बाही खाली ओढली. "एक सांगते. माझ्या हातून गेलेलं एकही माणूस त्याच्या घरच्यांना विस्कटलेलं दिसलं नाही. एकही नाही."

बाकीच्या बायका मुलांच्या डिग्र्या सांगतात त्या स्वरात तिनं हे सांगितलं. माझी मान आपोआप ताठ झाली.

त्याच वेळी निर्माते आले. त्यांना कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की सेटवर भलतंच काहीतरी चाललंय. त्यांनी चौथऱ्याखालचे ठोकळे पाहिले, निळ्या कोटातल्या आईला पाहिलं, पुसलेल्या चेहऱ्याचा बाल्डर पाहिला.

"आग कुठाय?" त्यांनी विचारलं.

दिग्दर्शकानं त्यांना नवा विचार समजावून सांगितला. राणी म्हणजे राक्षसीण नव्हे, आलेल्या प्रत्येकाला आत घेणारी घरधनीण. निर्मात्यांनी हात झटकले.

"अहो, प्रेक्षक झोपतील."

"झोपू देत की," आई म्हणाली. "इथे येतात ते सगळे झोपलेलेच असतात."

शिडीवरचा दिवेवाला फस्सकन हसला. निर्मात्यांनाही हसू आवरावं लागलं, पण ते काही विरघळणारे नव्हते. "आजी, सिनेमात वेगळं असतं."

"असेल. मला त्यातलं कळत नाही. पण तुमच्या घरचं कुणी गेलं असेल, तेव्हा तुम्ही दाराबाहेर उभे असालच. आत काय चाललंय असं वाटलं होतं?"

"वडील गेले तेव्हा मी फोनवर होतो," ते म्हणाले. "लोकांना कळवत होतो. आतलं काही डोक्यातच आलं नाही." मग घसा खाकरून माझ्याकडे वळले. "ते राहू दे. मला आग पाहिजे. तुम्ही मान्य केली होती."

केली होती हे खरं. मी रंगाच्या डब्यावरून उठले.

"चूक केली होती," मी म्हणाले. "आग तुम्हाला जाहिरातीपुरती देते. कवट्या, साखळ्या, हवं ते. पण मालिकेतलं पाताळ माझ्या आईनं सांगितल्याप्रमाणे होईल. ते चालणार नसेल तर श्रेयनामावलीतून माझं नाव काढा आणि दुसरं कुणी बघा."

'माझ्या आईनं' हे शब्द म्हणताना मला खूप बरं वाटलं. निर्माते दिग्दर्शकाकडे बघत राहिले, दिग्दर्शक मॅडमकडे, आणि मॅडमनी मुकुट उचलून सुताराच्या हातात दिला. तिथेच निकाल लागला. जाहिरातीत आग, मालिकेत धुकं.

सर्वांत जास्त वाईट वाटलं ते सुताराला. "दोनशे कवट्या केल्या हो मी," तो म्हणत होता. "प्रत्येकीचे दात वेगळे आहेत."

दोन दिवसांत आम्ही पाताळ बदललं. सिंहासन हलवलं. भिंती करड्या केल्या. लांब बाक आणले, त्यांवर सोनेरी कडी मांडली, एक मोठं झाकलेलं भांडं ठेवलं. आईच्या सांगण्यावरून दाराशी एक उंच उंबरा बसवला, खरोखर ठेच लागेल असा.

शॉटच्या दिवशी सकाळी आई मॉनिटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. बाल्डरची तिरडी घेऊन नोकर आले, अगदी मुंगीच्या पावलांनी. तिरडी उंबऱ्याला अडली. दृश्यातल्या कुणालाच काय करावं कळेना, आणि मग आतून राणी आली. मुकुट नाही, आग नाही, एका गालावर निळाईत उशीचा पांढरा डाग. तिनं एक फळी उंबऱ्यावर टाकली आणि तिरडीचं टोक स्वतः उचललं. आत नेऊन त्याला चौथऱ्यावर घेतलं. बाकांवरची कडी त्या मंद उजेडात चमकत होती. राणीनं कापड पिळलं, एक थेंबही पडला नाही. मग ती त्याच्या कानाशी वाकली आणि नाव घेऊन म्हणाली, "बाल्डर, मी आलेय. आता तुझा हात उचलते."

ते सगळं संपेपर्यंत सात मिनिटं लागली असतील. दिग्दर्शकाच्या तोंडून 'पुन्हा' आलं नाही. तो डोळे पुसत होता.

"कानामागे राहिलं," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"डाव्या कानामागे पुसायचं राहिलं त्यांचं. तिथेच घाम साठतो. घरचे पापी घ्यायला वाकतात ना, तेव्हा तिथेच येतात."

"पुन्हा," दिग्दर्शक म्हणाला. त्या दिवशी त्या शब्दाबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

श्रेयनामावलीत आईचं काय लिहायचं यावरून थोडी चर्चा झाली. कार्यालयातून 'विशेष मार्गदर्शन' असं सुचवून आलं. आईला ते पटलं नाही. "मार्गदर्शन करायला मी काय नुसती खुर्चीत बसून होते? मी जे होते ते लिहा." तेव्हा तिच्या नावापुढे 'शवागार परिचर' असं लिहिलं गेलं, मेकअपच्या वर आणि संगीताच्या खाली.

भाग दाखवायच्या आधी मला एक काम उरकायचं होतं. एका सकाळी चहा पिताना मी सासूबाईंना म्हटलं, "आईबद्दल मी तुम्हाला लग्नाच्या वेळी खोटं सांगितलं होतं."

"सुपरवायझरचं ना?" त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "मला ठाऊक होतं. लग्नाआधी चौकशी करत नाहीत होय? आमच्या ओळखीच्या एका कंपाउंडरनं सगळं सांगितलं होतं. म्हणाला, डोळे झाकून करा, त्या बाईंसारखं काम कुणाचं नाही."

मी कप खाली ठेवला. "तेरा वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"तुला लाज वाटत होती. मी ती कशाला उघड्यावर आणू? म्हटलं, कधीतरी सांगेल आपणहून." बिस्कीट चहात तुटून पडलं, ते त्यांनी चमच्यानं काढलं. "उशीर केलास पण."

तो भाग आम्ही रविवारी दुपारी आमच्या घरी पाहिला. आई, सासूबाई, माझा नवरा, शेजारचे दोघे, आणि खास आलेला आमचा सुतार. राणी वाकून बाल्डरच्या कानामागे पुसते, त्या जागी आईनं मान डोलावली. संपल्यावर सासूबाई आईकडे वळल्या.

"हे तुम्ही रोज करायचात?"

"रविवार सोडून."

"मग माझं तुम्हीच करा."

"तुम्ही माझ्याहून लहान आहात," आई म्हणाली. "रांगेत माझा नंबर आधी. तुम्ही शिकून घ्या, म्हणजे माझं तुम्हाला करता येईल." दोघी हसल्या, आणि बाकीच्यांना हसावं की नाही ते कळेना.

मालिका गाजली. आग असलेली जाहिरात लोक विसरून गेले, राणीचे हात लक्षात राहिले. मॅडमना जिथे बोलावणं येई तिथे त्या आईचं नाव घेत. आईला सर्वांत आनंद झाला तो एका फोननं. तिच्या हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकेचा फोन होता. शवागाराबाहेरच्या बोळात नातेवाइकांना बसायला काहीच नाही, लोक तासन्‌तास भिंतीला टेकून उभे राहतात. तुमची मुलगी असलं काही करते ना, तिच्याकडून एखादा बाक मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

मी आणि सुतारानं तो बाक केला. थर्मोकोलचा नाही, खऱ्या लाकडाचा, पाठ टेकायला जागा असलेला. एका मंगळवारी आईला घेऊन आम्ही तो टेम्पोतून नेला; आई आधी वर मुख्य परिचारिकेला भेटायला गेली. मी त्या इमारतीच्या तळमजल्यावर याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. लांब बोळ होता, पिवळट फरशी, शेवटी दोन झडपांचं दार. दाराशी एक तरुण परिचर उभी होती. तिनं मला वाट अडवून विचारलं, "आपण कोण?"

"मावशींची मुलगी," मी म्हणाले.

तिचा चेहराच बदलला. तिनं आतल्या दोघांना हाक मारली, त्यांनी बाकाला हात लावला, आणि आम्ही तो भिंतीशी नीट बसवला. प्रत्येक जण येऊन मला न्याहाळून जात होता, मी कुणी मोठ्या घरची असावे तसा. आणि मी होतेच.

आई खाली आली आणि आम्ही निघणार, तेवढ्यात एक वयस्कर बाई बोळात आल्या. एकट्याच होत्या, हातात एक पिशवी, तिच्यात कुणाचे तरी घरचे कपडे घडी करून ठेवलेले. त्या बाकाच्या टोकाला अवघडून बसल्या. आई त्यांच्याकडे गेली, काही न विचारता शेजारी बसली, आणि मला मान हलवून खूण केली, की तू हो पुढे, मला वेळ लागेल.